नोंद लागेपर्यंत

यंत्र चालू होताना ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा, काळा मेनू पडद्यावर असतो तेव्हा कीबोर्ड झकास चालतो. बाण वरखाली होतो, एन्टर दाबली की मेनू पुढं सरकतो. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चढतो, लॉगिनचा पडदा येतो, पासवर्ड टाकायला जावं तर एकही अक्षर उमटत नाही. नव्या गेमिंग लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं ते इथं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात परत न्यावा, तर तिथं विंडोज चालू करून दाखवतात आणि म्हणतात, "चालतंय की!" त्यांचंही खरंच असतं. कीबोर्ड धड असतो, मदरबोर्ड धड असतो. चुकलेली असते ती कर्नलची त्या मदरबोर्डाबद्दलची समजूत.

लॅपटॉपचा आतला कीबोर्ड कळ दाबली की प्रोसेसरला इंटरप्ट पाठवतो, म्हणजे दारावरची घंटा वाजवतो. ही घंटा जुन्या पीसीच्या काळापासून १ नंबरच्या इंटरप्टवर बांधलेली आहे. तारेवरचा दाब वर गेला म्हणजे घंटा वाजली, हा जुना रिवाज. २०२२ च्या सुमाराला एएमडीच्या रायझन ६००० मालिकेचे लॅपटॉप आले आणि त्यांतल्या बऱ्याच मदरबोर्डांनी हा रिवाज उलटा केला. दाब खाली आला म्हणजे घंटा. तसं त्यांनी आपल्या एसीपीआय तक्त्यात, म्हणजे यंत्रात काय कुठं कसं जोडलंय हे सिस्टिमला सांगणाऱ्या तक्त्यात, लिहूनही ठेवलं. पण कर्नलनं तक्त्यापेक्षा जुन्या रिवाजावर भरवसा ठेवला, कारण कित्येक जुन्या यंत्रांचे तक्तेच चुकीचे असत. मग सगळ्या नव्या एएमडी यंत्रांना एकच सरसकट नियम लावून पाहिला, तर दुसरीच यंत्रं बिघडली. शेवटी कर्नलच्या एसीपीआय विभागातल्या 'रिसोर्स' नावाच्या फाइलीत यादीच ठेवावी लागली. अमुक कंपनीचा अमुक मदरबोर्ड, याचं तक्त्यात लिहिलंय तेच खरं माना. यादीत नाव असेल तर कीबोर्ड चालतो, नसेल तर मुका. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड मात्र या घंटेवर अवलंबून नसतो. म्हणून असा लॅपटॉप घेताना एक साधा यूएसबी कीबोर्ड आणि माउस हाताशी असू द्यावा.

आपल्या भागात जमिनीचं जे सातबाऱ्याचं, तेच इथं. जमीन तुमची, ताबा तुमचा, ऊस तुम्हीच लावलेला, पण नोंद लागत नाही तोवर प्रत्येक कामात अडतं. नव्या लॅपटॉपला लिनक्स चालत नाही असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा अडचण एवढीच असते, की त्या यंत्राची नोंद अजून लागलेली नाही. हे एकदा ध्यानात आलं की कामाची दिशा बदलते. कुठून तरी दहा कमांडी आणून एकामागून एक चिकटवण्यापेक्षा आधी आपल्या यंत्राची नावं आणि नंबर उतरवून घ्यावेत. उद्यमनगरातला टर्नर व्हर्नियर लावल्याशिवाय लेथ सुरू करत नाही. तीच शिस्त इथं लागते.

नंबर दोन प्रकारचे असतात. पहिला खुद्द यंत्राचा. 'सिस' फोल्डरात 'क्लास', त्यात 'डीएमआय', त्यात 'आयडी' अशा वाटेनं गेलं की 'बोर्ड नेम', 'प्रॉडक्ट नेम', 'बायोस व्हर्जन' अशा छोट्या फाइली सापडतात. प्रत्येकीत एकच ओळ असते. खोक्यावरच्या झगमगीत नावाला इथं किंमत नाही. एकाच नावानं विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपांत तीन-चार वेगवेगळे मदरबोर्ड असू शकतात, आणि कर्नलची यादी मदरबोर्डाचं नाव विचारते. दुसरा नंबर सुट्या भागांचा. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड 'एनएनके' हा जोड देऊन चालवली की प्रत्येक भागाचा पत्ता, बनवणाऱ्याचा नंबर, भागाचा नंबर आणि तो भाग सांभाळणारा ड्रायव्हर, सगळं एका जागी मिळतं. पत्ता राजारामपुरीच्या गल्ल्यांसारखा वाचायचा. आधी गल्ली, मग घर, मग खोली. ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळा ०१ नंबरच्या गल्लीत, ०० नंबरच्या घरात असतं. बनवणाऱ्यांचे नंबर थोड्या दिवसांत तोंडपाठ होतात. इंटेल ८०८६, एएमडीचं ग्राफिक्स १००२, एनव्हिडिया १०डीई, रिअलटेक १०ईसी, मीडियाटेक १४सी३. ज्या भागाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही, त्या भागाला अजून कुणी वाली नाही असं समजावं.

ही तपासणी लॅपटॉप विकत घ्यायच्या आधी, दुकानातच करता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर ताज्या फेडोराची किंवा उबुंटूची (ही लिनक्सची वितरणं, म्हणजे तयार बांधून मिळणारे संच) लाइव्ह प्रत, म्हणजे डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारी, आणि पंधरा मिनिटं. दुकानदाराला नीट सांगितलं की डिस्कला हात लागणार नाही, तर बहुतेक जण करू देतात. वायफायची यादी दिसते का, स्पीकर वाजतो का, मायक्रोफोन आवाज घेतो का, पडद्याचा उजेड कमीजास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, हे पाहायचं. झाकणाची परीक्षा विसरू नका. बाकी सगळ्यांत पास होऊन इथं नापास होणारी यंत्रं पुष्कळ. लाइव्ह प्रत सुरू होतानाच पडदा काळा राहिला तर ग्रबच्या मेनूवर 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. हा उपाय पाहणीपुरता आणि ड्रायव्हर बसवेपर्यंतचा. तो कायमचा ठेवला तर ग्राफिक्सचे खरे ड्रायव्हर कामाला लागतच नाहीत, आणि झाकण मिटण्यापासून उजेडापर्यंत सगळंच बिनसतं.

कर्नलचं वय हा दुसरा हिशेब. नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो. लॅपटॉपचा प्रोसेसर ज्या महिन्यात बाजारात आला, त्याच्या आधीचा कर्नल घेऊन बसलात तर नोंद असणार कुठून? उबुंटू २४.०४ मूळ ६.८ कर्नल घेऊन आलं, २४.०४.३ च्या प्रतीत ६.१४ आला. डेबियन १२ चा कर्नल ६.१, डेबियन १३ चा ६.१२. मीडियाटेकचं एमटी७९२५ हे वायफाय ७ चं कार्ड ६.७ पासून चालतं, म्हणजे डेबियन १२ च्या मूळ कर्नलवर ते दिसणारच नाही, कितीही डोकं फोडलं तरी. माझं मत स्पष्ट आहे: नव्या गेमिंग लॅपटॉपवर पहिलं वर्षभर ताजा कर्नल देणारं वितरण ठेवावं, यंत्र जुनं झालं की मग हवं तर स्थिर वितरणाकडं वळावं.

कर्नलइतकंच महत्त्व फर्मवेअरला. वायफाय कार्ड, ग्राफिक्स कार्ड, आवाजाचा अॅम्प्लिफायर, यांच्या पोटात स्वतःचे छोटे प्रोसेसर असतात आणि त्यांना लागणारा प्रोग्राम दर वेळी चालू होताना कर्नल डिस्कवरून भरतो. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअरची फाइल नाही, अशी गत झाली की 'डीमेसेज'च्या, म्हणजे कर्नलच्या रोजनिशीच्या, नोंदीत 'उणे २' ही चूक दिसते. अर्थ सरळ, फाइल सापडली नाही. 'लिनक्स फर्मवेअर' हे पॅकेज ताजं करून, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीलाच लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) नव्यानं बांधून, पुन्हा चालू करायचं. 'उणे ११०' दिसलं तर गोष्ट वेगळी. फाइल आहे, पण कार्डानं वेळेत उत्तर दिलं नाही. विंडोजमधून थेट लिनक्समध्ये रीस्टार्ट केल्यावर मीडियाटेकची कार्डं असं रुसून बसतात. यंत्र पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून ठेवा, मग चालू करा. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप'ही कायमचं बंद करून टाका. ते चालू असलं की विंडोज खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याची एनटीएफएस डिस्क लिनक्सला लिहिता येत नाही.

वायफायच नाही तर हे सगळं उतरवायचं कसं? मोबाइल यूएसबी केबलनं जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन जवळपास प्रत्येक लिनक्सवर काही न बसवता नेटवर्क कार्ड म्हणून उभा राहतो.

आणि वायफाय कार्डच नालायक निघालं तर ते बदलता येतं. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत ते एम.२ खाचेत बसवलेलं असतं, २२३० आकाराचं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. इंटेलचं एएक्स२१० हे कार्ड एएमडीच्या यंत्रातही चालतं आणि ५.१० पासूनच्या कर्नलला ते ओळखीचं आहे. एएक्स२११ मात्र घेऊ नका, नंबर एकानं पुढचा असला तरी. त्या कार्डात वायफायचं निम्मंच काम असतं, उरलेलं निम्मं इंटेलच्या प्रोसेसरकडच्या भागात, त्यामुळं एएमडीच्या यंत्रात ते मेलेलंच. उघडताना तळाचे स्क्रू ज्या जागी होते त्याच मांडणीनं कागदावर ठेवा, कारण मागच्या कडेचे स्क्रू लांब असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या पत्र्याला पुटकुळी येते. पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवण्याचं. मग कार्डावरच्या दोन अँटेनाच्या तारा. ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी ती पितळी टोपणं, नखानं सरळ वर उचलायची. बसवताना टोपण बरोबर मध्यावर आलंय हे पाहून वरून बोटाच्या पेरानं दाबायचं, टक् असा आवाज येतो. तिरकं दाबलं की कड चेपते आणि मग ते पुन्हा धरत नाही.

डिस्कवर काही करायच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्ककुलपाची, ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवा. हल्लीच्या लॅपटॉपांत विंडोजची डिस्क पुष्कळदा न विचारताच कुलूपबंद असते. बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम चढू देणारी सोय) बदललं की विंडोज तीच किल्ली मागतं, आणि ती नसली तर कॉलेजचं सबमिशन डिस्कसकट गेलं. इंटेलच्या काही यंत्रांत डिस्क आरएसटी या पद्धतीवर असते, आणि काही इन्स्टॉलर ती एएचसीआयवर न्यायला सांगतात. तसं थेट केलं तर विंडोज चढत नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये उघडून द्या आणि सेफ मोड काढा. या खेपेत विंडोज नवा ड्रायव्हर पकडतं.

आता ग्राफिक्स. गेमिंग लॅपटॉपात दोन असतात. प्रोसेसरच्या पोटातलं काटकसरी, आणि वेगळं एनव्हिडियाचं, ताकदीचं. गंगावेस तालमीतल्या पैलवानाला दिवसभर मैदानात उभं करत नाहीत, कुस्तीच्या वेळी उतरवतात. तसं रोजचं काम पहिल्यानं करायचं आणि गेमपुरतं दुसऱ्याला उठवायचं. एनव्हिडियाच्या वेबसाइटवरून मोठी फाइल उतरवून ती चालवायचा मोह टाळा. पुढच्या कर्नलच्या अपडेटला ती तुटते, आणि मग काळा पडदा. वितरणाच्या भांडारातलं पॅकेजच घ्या, उबुंटूत 'उबुंटू ड्रायव्हर्स' ही कमांड योग्य ते निवडते. एनव्हिडियानं मे २०२२ मध्ये आपल्या कर्नल मॉड्यूलचा (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या भागाचा) सोर्स खुला केला, आणि आरटीएक्स ५० मालिका फक्त त्या खुल्या मॉड्यूलवरच चालते. तिथं जुनं बंद मॉड्यूल घातलं तर कार्ड उठत नाही. 'डीमेसेज'मध्ये खुलं मॉड्यूल लागेल असं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण बघतो कोण! पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'ओपन' आहे ना, एवढं पाहा.

सिक्युअर बूट चालू ठेवलं असेल तर मॉड्यूलवर सही लागते. बसवताना एक पासवर्ड विचारला जातो. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, त्यावर दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबायची, मग 'एनरोल मोक' (सहीची आपली किल्ली नोंदवा), 'कंटिन्यू', 'येस', तोच पासवर्ड, रीबूट. त्या दहा सेकंदांत चहाला उठलात तर पडदा निघून जातो आणि विनंती पहिल्यापासून करावी लागते. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' ही चूक दिसली तर हीच पायरी राहिली आहे, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवून उपयोग नाही.

ड्रायव्हर लागला, गेम चालला, की लोक थांबतात. खरी कसोटी त्यानंतरची: काम नसताना ते कार्ड झोपतं का? समजा बॅटरी ६० वॅट-तासांची आहे आणि नुसतं वाचन-लेखन करताना यंत्र ८ वॅट खातं. साडेसात तास निघतील. एनव्हिडिया जागं राहून आणखी ८ वॅट खायला लागलं तर पावणेचारच. पीसीआयच्या उपकरणांच्या फोल्डरात त्या कार्डाच्या पत्त्याखाली 'पॉवर' आणि त्यात 'रनटाइम स्टेटस' ही फाइल वाचा. 'सस्पेंडेड' हवं, 'अॅक्टिव्ह' असेल तर कुणीतरी त्याला उठवून ठेवलंय. इथं एक फसगत नेहमी होते. कार्ड झोपलंय का हे पाहायला लोक 'एनव्हिडिया एसएमआय' चालवतात, आणि ती कमांडच कार्डाला उठवते. वरच्या पट्टीत ग्राफिक्सचं तापमान दाखवणारी छोटी खिडकी ठेवली असेल तर तीही दर सेकंदाला त्याला हलवत राहते. झोपलेल्या माणसाला झोप लागली का विचारण्यातला प्रकार.

एचडीएमआयचं सॉकेट बऱ्याच लॅपटॉपांत थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. म्हणून 'फक्त आतलं ग्राफिक्स' असं ठरवून एनव्हिडिया पूर्ण बंद केलं की बाहेरचा मॉनिटर काळा पडतो. सॉकेट बिघडलेलं नसतं. उजेडाचंही असंच. 'बॅकलाइट' फोल्डरात दोन-तीन नावं दिसतात आणि डेस्कटॉप चुकीचं धरून बसतो, पट्टी हलते पण उजेड तसाच. प्रत्येकातल्या 'ब्राइटनेस' फाइलीत आकडा लिहून कुठल्यानं पडदा बदलतो ते पाहा, आणि ग्रबच्या ओळीत 'एसीपीआय बॅकलाइट'ला 'नेटिव्ह' किंवा 'व्हिडिओ' देऊन तेच नाव पुढं आणा.

आवाजाचं प्रकरण मात्र खरं सातबाऱ्याचं. हेडफोनमध्ये गाणं स्वच्छ ऐकू येतं आणि लॅपटॉपचे स्पीकर गप्प, किंवा पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखे. कारण रिअलटेकच्या आवाजचिपेच्या पुढं, स्पीकरच्या जवळ आणखी एक हुशार अॅम्प्लिफायर बसवलेला असतो, बऱ्याचदा सिरस लॉजिकचा सीएस३५एल४१. विंडोजमध्ये त्याची जुळणी कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असते. ती जुळणी एसीपीआय तक्त्यात लिहिणं कंपनीनं टाळलं, तर लिनक्सला कळतच नाही की अॅम्प्लिफायर किती आहेत, डावा कुठला, व्होल्टेज चढवणारा भाग आत आहे की बाहेर. अंदाजानं व्होल्टेज देता येत नाही, स्पीकर जळेल. म्हणून कर्नलमध्ये पुन्हा यादी. या वेळी सबसिस्टिमच्या नंबरावरून, असूसचे १०४३ नं सुरू होणारे, लेनोव्होचे १७एए, एचपीचे १०३सी. फर्मवेअरच्या 'सिरस' फोल्डरातल्या फाइलींच्या नावातही हाच नंबर असतो. आपला नंबर तिथं नाही आणि दुसऱ्या लॅपटॉपची फाइल नाव बदलून ठेवली, हा उद्योग करू नका. ती फाइल दुसऱ्या स्पीकरच्या तोलामापाची असते.

मायक्रोफोनची यादी तर आणखी साधी आहे. रायझन ६००० आणि त्यानंतरच्या कित्येक यंत्रांत आतला मायक्रोफोन थेट एएमडीच्या आवाजविभागाला जोडलेला असतो. तो आहे की नाही हे तक्त्यावरून नेहमी कळत नाही, म्हणून एएमडीच्या ड्रायव्हरमधल्या 'एसीपी६एक्स मॅक' या फाइलीत लॅपटॉपांची नावं एकाखाली एक लिहिलेली आहेत. एका लॅपटॉपची नोंद सात ओळींची. दोन महिरपी कंस उघडले-मिटलेले, एक ओळ कार्डाची, एक ओळ बोर्ड कुणाचा, एक ओळ प्रॉडक्टचं नाव. एवढ्या सात ओळी नाहीत म्हणून हजारो लोकांच्या ऑनलाइन मीटिंगा मुक्या राहतात. आवाज घेणारी उपकरणं दाखवणाऱ्या 'एरेकॉर्ड' या कमांडीला 'एल' जोडून विचारलं आणि यादीत फक्त हेडसेटचा मायक्रोफोन आला, तर आपण या रांगेत आहोत.

झोपेबद्दल थोडक्यात. 'मेम स्लीप' फाइलीत फक्त 'एस२आयडल' असेल तर जुनी खोल झोप या यंत्रात नाहीच. नव्या झोपेत प्रत्येक भागानं स्वतःहून झोपायचं असतं, एक जागा राहिला तरी बंद बॅगेत लॅपटॉप तापतो. कोल्हापूर-पुणे प्रवासात बॅग गरम लागली तर आधी एनव्हिडियाच्या 'सस्पेंड' आणि 'रिझ्यूम' या सेवा चालू आहेत का पाहा. ते होईतो प्रवासाला निघताना यंत्र पूर्ण बंद करणं चांगलं. बायोसचं अपडेट बऱ्याच वेळा हे दुखणं बरं करतं, पण पावसाळ्यात दिवे येत-जात असताना ते करू नका. चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच.

नोंद लावायची कुणी, हा प्रश्न राहतो. कर्नल लिहिणाऱ्याच्या टेबलावर तुमचा लॅपटॉप नाही, तुमच्या टेबलावर आहे. त्याला लागतो तो मजकूर पानभराचा: कर्नलचा नंबर, डीएमआयमधली बोर्ड आणि प्रॉडक्टची नावं अक्षर न् अक्षर तशीच, 'एलएसपीसीआय'चा उतारा, बूटपासूनचं पूर्ण 'डीमेसेज', आणि काय केल्यावर काय होतं हे दोन वाक्यांत. सिरियल नंबर आधी पुसून टाका. कर्नलच्या सोर्समध्ये 'गेट मेंटेनर' नावाची स्क्रिप्ट आहे. तिला फाइलीचं नाव दिलं की ती फाइल सांभाळणाऱ्यांचे पत्ते ती सांगते. उत्तरात पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, आला तर तो लावून पाहा आणि चाललं किंवा नाही चाललं, दोन्ही कळवा. चाललं म्हणून कळवणाऱ्याचं नाव 'टेस्टेड बाय' या ओळीत त्या बदलासोबत कायमचं राहतं. पॅच मुख्य कर्नलमध्ये गेला की काही आठवड्यांत स्थिर शाखांतही उतरतो, तिथून वितरणाच्या अपडेटमध्ये.

तोवर ग्रबच्या ओळीत आणि मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरना सूचना देणाऱ्या) फाइलींत जी ठिगळं लावली असतील, ती तारखेसकट एका वहीत लिहून ठेवा. नवा कर्नल आला की एकेक ठिगळ काढायचं, यंत्र पूर्ण बंद करून चालू करायचं, आणि 'एरेकॉर्ड'च्या यादीत दुसरी ओळ आली का ते पाहायचं.